पेटीतली आगगाडी पुन्हा रुळावर



सुरतेकडून बांधत बांधत आणलेला लोहमार्ग १८६४ साली मुंबईत ग्रँट रोडपर्यंत येऊन पोचला. पालघर-बोईसरकडच्या माणसाला तेव्हापासून आगगाडीचं नवल उरलेलं नाही. घड्याळ बंद पडलं तरी इथं कुणाचं अडत नाही. गाडीच्या शिट्टीवर चहाचं आधण ठेवलं जातं. परंतु आज मी बोलणार आहे ती गाडी या रुळांवरून धावणारी नव्हे. ती हातावर मावते, आणि कित्येक घरांत ती वीस-तीस, कुठं पन्नास वर्षं माळ्यावरच्या ट्रंकेत निजलेली आहे.

ही गाडी आपल्याकडे आली कशी? कुणाचा मामा बोटीवर नोकरीला होता, त्यानं विलायतेहून आणली. कुणाच्या आजोबांनी मुंबईच्या दुकानातून मोठ्या हौसेनं घेतली. १९५७ नंतर परकीय चलनाच्या टंचाईमुळे आयातीवर कडक बंधनं आली, तेव्हा अशी गाडी घरात असणं ही मोठी अपूर्वाई झाली. आणि अपूर्वाईची वस्तू म्हणून ती मुलांच्या हाती न देता कपाटावर ठेवण्याची रीत पडली. पुढे १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, बोईसरला कारखाने आले, देशाच्या नाना भागांतून कुटुंबं आपलं सामानसुमान घेऊन इथं राहायला आली. त्या सामानातही एखादी अशी पेटी असायची. घर बदलताना, किंवा वडीलधारं माणूस गेल्यावर माळा आवरताना ती बाहेर निघते. कुणीतरी घाईनं वायरी जोडून पाहतं. गाडी हलत नाही. मग 'बिघडलेली दिसते' असं म्हणून ती भंगारवाल्याच्या पोत्यात जाते.

मला सांगायचं आहे ते हेच, की वर्षानुवर्षं उभी असलेली गाडी बहुधा मोडलेली नसते. तिची मोडतोड होते ती पेटी उघडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात, आणि ती आपल्याच उतावळेपणानं.

मग ती हलत का नाही? पहिलं कारण तेलाचं. इंजिनात घातलेलं तेल किंवा ग्रीस वर्षं लोटली की सुकतं आणि फणसाच्या चिकासारखं घट्ट होऊन बसतं. दातेरी चाकं त्यात रुतलेली असतात. दुसरं कारण, जिथून वीज जायची त्या जागा काळवंडलेल्या असतात. पितळ, तांबं, लोखंड यांवर हवेनं जो थर चढतो त्यातून वीज नीट जात नाही. आपल्या किनाऱ्यावर तर विचारूच नका. तारापूर-चिंचणीकडच्या खाऱ्या वाऱ्यानं खिडकीचे गज खाल्लेले आपण रोज पाहतो. मिठाचा बारीक अंश वस्तूवर बसतो, तो हवेतलं पाणी ओढून घेतो, आणि लोखंडाला गंज व पितळेला हिरवट कळंक धरतो. ट्रंकेत ठेवली म्हणून गाडी यातून सुटत नाही.

म्हणून पहिला नियम असा की, पेटी उघडल्याबरोबर वीज जोडू नये आणि चावीही भरू नये. आधी नुसतं पाहावं. पेटी पुठ्ठ्याची असेल तर तिला कसर लागली आहे का ते बघा, पण ती फेकू नका. जुन्या पेटीवरच गाडीचं नाव, कारखाना आणि किती व्होल्टवर चालते ते छापलेलं असतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली असेल तर तो कागद मात्र दूर करावा, कारण जुना वर्तमानपत्री कागद आम्लधर्मी असतो आणि त्याचा डाग रंगाला लागतो.

गाडीची जात ओळखणं हे पुढचं काम. फार जुन्या गाड्या चावीच्या. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीनं १९२० साली चावीच्या पत्र्याच्या गाड्या काढल्या, त्या जगभर गेल्या. त्याच कंपनीची 'हॉर्नबी डब्लो' ही लहान आकाराची गाडी १९३८ सालची. तिच्यातली विजेची इंजिनं १२ व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर चालत. १९५९ पर्यंत तिला तीन रूळ असत, मधल्या रुळातून वीज यायची. पुढं दोन रुळांची आली. जर्मनीतला मार्क्लिनचा कारखाना तर १८५९ सालचा. १८९१ मध्ये लायप्झिगच्या जत्रेत त्यांनी ठरावीक मापांच्या रुळांची गाडी मांडली, आणि रुळाच्या मापांची पद्धत तिथून रूढ झाली. मार्क्लिनच्या विजेच्या गाड्या पूर्वापार उलटसुलट प्रवाहावर, म्हणजे ए.सी.वर चालत आलेल्या आहेत. ए.सी.चा ट्रान्सफॉर्मर एकदिश प्रवाहाच्या गाडीला लावला तर इंजिन नुसतं गुरगुरतं, तापतं आणि शेवटी जळतं.

ट्रान्सफॉर्मरचा विषय निघालाच आहे तर तो इथंच संपवतो, कारण यात जिवाशी गाठ आहे. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या वायरवरचं रबर वाळून तडकलेलं असतं, हात लावला की तुकडे पडतात. आतून उघडी झालेली तार बाहेरच्या पत्र्याला टेकली की त्या डब्यातच २३० व्होल्ट येतात. पुष्कळांना अर्थिंगची तारसुद्धा नसते. असा ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करण्याच्या भानगडीत घरच्या घरी पडू नये. तो पुसून कपाटात शोभेला ठेवावा आणि गाडीसाठी नवा, चांगल्या बनावटीचा घ्यावा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली गाडी असेल तर आणखी सावध राहा. तिकडची घरगुती वीज १२० व्होल्टच्या आसपास असते. तिथला जुना ट्रान्सफॉर्मर आपल्या भिंतीतल्या प्लगला लावला, तर धूर निघायला वेळ लागत नाही.

आता साफसफाई. लागणारं साहित्य फारसं नाही: चित्रकलेचा मऊ कुंचला, कापूस, बारीक चिमटा, बारीक स्क्रू-ड्रायव्हर, कान कोरायच्या कापसाच्या काड्या, खोडरबर आणि शिवणयंत्राचं तेल. काय वापरायचं नाही ते मात्र नीट ऐका. आपल्याकडे गंजलेल्या बिजागरीपासून कुरकुरणाऱ्या पाळण्यापर्यंत सगळ्यांना खोबरेल तेल घालतात. गाडीला ते घालू नका. ते थंडीत थिजतं, पुढं खवट होतं आणि सुकून चिकटतं; ज्या रोगानं गाडी थांबली तोच रोग आपण पुन्हा घालतो. पितळेचे रूळ चकचकीत करायला चिंच किंवा भांडी घासायची पूड घेऊ नका; आंबट अंश फटीत राहतो आणि पुन्हा कळंक धरतो. काचकागद, म्हणजे सँडपेपर, तर मुळीच नको. त्याचे ओरखडे रुळावर राहतात, त्यात मळ बसतो आणि ठिणग्या उडतात. रूळ खोडरबरानं घासावेत आणि कोरड्या फडक्यानं पुसावेत. शाळेतल्या मुलांना हे काम दिलं तर ती अर्ध्या तासात आठ-दहा रूळ सहज करतात, आणि त्यांना ते आवडतंही.

पत्र्याच्या डब्यांवर जे चित्र व अक्षरं असतात ती पत्र्यावरच छापलेली असतात. ओल्या फडक्यानं जोर करून घासलं की ती निघून येतात. धूळ आधी कुंचल्यानं झाडावी, मग पिळून घेतलेल्या फडक्यानं अलगद टिपावं आणि लगेच कोरडं करावं. रंग उडालेला असेल तर उडालेलाच राहू द्या. पुष्कळांना वाटतं, नवा तांबडा रंग दिला की गाडी नवी दिसेल. मला हे गणपतीच्या जुन्या लाकडी मखराला ऑइलपेंट फासण्यासारखं वाटतं. शिवाय त्या काळच्या रंगांत शिसं असायचं. ते खरवडलं की विषारी भुकटी उडते. अशी गाडी हाताळल्यावर मुलांनी हात साबणानं धुवावेत, आणि लहान मूल ती तोंडात घालणार नाही याकडे लक्ष असावं.

चावीच्या इंजिनात पोलादी कमान असते. ती कधीकाळी कुणी भरून ठेवली असेल आणि तेल सुकल्यामुळे अडकून राहिली असेल. आपण तेल सोडलं की ती एकदम सुटते, तेव्हा बोटं दातेरी चाकांपाशी नसावीत. म्हणून तेल घालण्यापूर्वी चाकं फडक्यात धरावीत. मग आसांच्या टोकांना सुईच्या अग्रावरून एकेक थेंब तेल द्यावं, रात्रभर राहू द्यावं, आणि दुसऱ्या दिवशी चावी दोन-तीनच वेढे फिरवून पाहावी. इंजिन चालू लागलं तरी त्या दिवशी पूर्ण चावी भरू नये. ताणलेली जुनी कमान तुटली तर तसं पोलाद आज सहज मिळत नाही.

विजेच्या इंजिनाचं हृदय म्हणजे मोटर. तिच्यात तांब्याच्या पट्ट्यांचं एक लहानसं गोल असतं, त्याला कम्युटेटर म्हणतात, आणि त्यावर कोळशाचे दोन ब्रश स्प्रिंगनं टेकलेले असतात. हे ब्रश झिजून भुकटी पडते आणि ती पट्ट्यांमधल्या फटींत भरते. मग वीज मोटरीत न फिरता पट्टीवरून पट्टीवर पळून जाते. आगपेटीची काडी तासून टोकदार करावी आणि त्या टोकानं फटी कोराव्यात. सुई किंवा टाचणी घेऊ नये, तांब्यावर ओरखडा उठतो. इथं तेलाचा थेंबही पडू देऊ नये. तेल मिसळलं की कोळशाच्या भुकटीची खळ होते. जुन्या मोटरीचं लोहचुंबकही सांभाळावं लागतं. मधला फिरणारा भाग काढून चुंबक तसंच उघडं ठेवलं, तर काही जुन्या चुंबकांचं बळ उतरतं. कारण नसताना मोटर खोलू नये हे बरं. खोलावीच लागली तर चुंबकाच्या दोन टोकांवर लोखंडाची पट्टी आडवी ठेवावी.

आणखी एक चूक फार जण करतात. गाडी रुळावर ठेवायची आणि हातानं पुढं ढकलून 'चाकं फिरतात का' ते पाहायचं. पुष्कळ इंजिनांत मोटरीच्या दांड्यावर मळसूत्र असतं आणि ते दातेरी चाकाला फिरवतं. मोटर चाकांना फिरवू शकते, पण चाकं मोटरीला फिरवू शकत नाहीत. ढकललं की दाते तुटतात. फिरवायचं असेल तर मोटरीचा दांडा बोटानं हळू फिरवावा.

एका दुखण्यावर मात्र इलाज नाही. १९३०-४० च्या सुमाराची काही चाकं आणि सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव आहेत. त्या जस्तात शिशाची भेसळ राहिली असेल तर वर्षानुवर्षं आतल्या आत धातू फुगतो, त्याला बारीक भेगा पडतात आणि शेवटी बिस्किटासारखा चुरा होतो. दमट हवेत हे लवकर घडतं. अशा भेगा दिसल्या की स्क्रू आवळू नयेत, दाबून काही बसवू नये. तो भाग बदलता आला तर बदलावा, नाहीतर गाडी तशीच काचेच्या कपाटात ठेवावी. सगळ्याच गाड्या चालल्या पाहिजेत असं नाही. पण कोणती चालवायची नाही हे तपासून ठरवलेलं असावं, घाबरून ठरवलेलं नसावं.

कारण एक समजूत अशी आहे की, जुनं यंत्र चालवलं तर झिजेल, ठेवलं तर टिकेल. माझा अनुभव उलटा आहे. उभ्या मोटरीत तेल सुकतं, ब्रश चिकटतात, आसाला गंज धरतो. महिन्यातून एकदा दहा मिनिटं फिरणारी गाडी ट्रंकेतल्या गाडीपेक्षा निरोगी राहते. आणि हे मोठ्या गाड्यांतही दिसलेलं आहे. १८५५ साली इंग्लंडात लीड्सला बांधलेलं 'फेअरी क्वीन' इंजिन १९०९ मध्ये सेवेतून निघालं. ८८ वर्षांनी, १९९७ साली, दुरुस्त होऊन ते दिल्लीहून अलवारला प्रवासी घेऊन गेलं. त्यासाठी कारखान्यात कुशल माणसं लागली, हे खरं. आपल्या इंजिनाला स्वयंपाकघरातलं टेबल पुरतं.

पहिली चाल अशी करावी. इंजिन घडी घातलेल्या टॉवेलवर उताणं ठेवावं. चाकांना दोन वायरी टेकवून अगदी कमी दाब, तीन-चार व्होल्ट, द्यावा. चाकं फिरली नाहीत तर दाब वाढवत नेऊ नये. थांबावं आणि पुन्हा सफाई पाहावी. फिरली तर पाच मिनिटं पुढं, पाच मिनिटं मागं. मधूनमधून बोट लावून मोटर किती तापते ते बघा, आणि नाक जवळ न्या. जळका वास आला की वायर काढा. दुसऱ्या दिवशी नुसतं इंजिन रुळावर, डबे न जोडता. डब्यांच्या आसांनाही तेल लागतं हे लोक विसरतात. सहा सुकलेले डबे ओढण्यात इंजिनाचा दम जातो आणि आपण दोष इंजिनाला देतो.

शिक्षक बंधुभगिनींनो, आता थोडं तुमच्यासाठी. अशी एक गाडी वर्गात असली तर तिच्यावर किती धडे निघतात पाहा. एच-ओ नावाचं जे माप आज जगभर चालतं ते एकास ८७ या प्रमाणाचं. पुष्कळ देशांतला रूळ १४३५ मिलिमीटर रुंद आहे. त्याला ८७ नं भागा, साडेसोळा मिलिमीटर येतात. तेच या मापाच्या रुळाचं अंतर. आपला रुंद लोहमार्ग १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या प्रमाणात सव्वाएकोणीस. साडेसोळाच्या रुळांवर आपल्या इंजिनाची प्रतिकृती ठेवली, तर तिचे पाय जरा जवळ घेतल्यासारखे दिसतात ते यामुळे. आणि १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी? मुलांना करू द्या. उत्तर सात मिलिमीटर येईल.

पालघर ते बोईसर रेल्वेनं सुमारे १२ किलोमीटर. याच प्रमाणात ते अंतर १३८ मीटर होतं. शाळेच्या मैदानावर चुन्यानं रेघ आखा, मध्ये उमरोळी दाखवा. मग वेग. ताशी १०० किलोमीटर धावणारी गाडी या मापात सेकंदाला फक्त ३२ सेंटिमीटर जाते. मुलं मात्र दट्ट्या पूर्ण ओढून सेकंदाला मीटरभर पळवतात. म्हणजे ताशी ३१३ किलोमीटर झाले! बोईसरवरूनही जिचा मार्ग आखला आहे त्या मुंबई-अहमदाबाद बुलेट गाडीचा ठरवलेला वेग ३२० आहे. वळणावर इंजिन का उलटतं ते मुलांना निराळं सांगावं लागत नाही.

विजेचा फेरा शिकवायलाही हीच गाडी. दोन रुळांच्या गाडीत वीज एका रुळातून येते, मोटरीतून जाते आणि दुसऱ्या रुळातून परतते. तारा उलट केल्या की गाडी उलटी चालते. आपल्या खऱ्या लोहमार्गावर वीज वरच्या तारेतून इंजिनात येते आणि रुळांतून परत जाते. फरक इतकाच की तिथं २५,००० व्होल्ट असतात, आणि म्हणून त्या तारेजवळ काठी किंवा पतंगाचा दोरासुद्धा न्यायचा नाही, हेही याच तासाला सांगून टाकावं.

सहलीला पुण्यास जाणार असाल, तर कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, ते वेळापत्रकात घाला. १ एप्रिल १९९८ रोजी ते सुरू झालं. एका माणसाच्या छंदातून झालेलं हे काम, आणि तिथल्या गाड्या नुसत्या मांडलेल्या नाहीत, त्या चालतात. सिग्नल बदलतात, दिवे लागतात. मुलं तिथून हलायला तयार नसतात, आणि खरं सांगायचं तर बरोबरचे शिक्षकही.

गाडी चालून झाली की पुन्हा ठेवायची कशी, तेवढं सांगतो. चाकं आणि रूळ कोरड्या फडक्यानं पुसावेत, कारण हाताच्या घामातही मीठ असतं. चावीची कमान पूर्ण उतरवावी. इंजिन प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नये, आत घाम धरतो. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळावं. बुटांच्या किंवा औषधांच्या डब्यांतून ज्या सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या टाकून न देता पेटीत ठेवाव्या, मुलांच्या हाती लागू देऊ नयेत, आणि पावसाळ्यानंतर बदलाव्या. माळ्यावर पत्र्याच्या छपराखाली पेटी ठेवू नये. तिथं उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात ओल. घराच्या आतल्या भिंतीचं कपाट बरं. आणि एका कोऱ्या चिठ्ठीवर लिहावं: गाडी कुणाची, कुणी आणली, किती व्होल्टची, कोणता ट्रान्सफॉर्मर लावायचा नाही, तेल केव्हा दिलं, शेवटची केव्हा चालली. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहा, शाई ओलीनं पसरते. ती झाकणाच्या आतल्या बाजूला, इंजिनाला न टेकेल अशी ठेवा.